आंब्यावरील आमरी : बांडगूळ आणि बांदा यांतील भेद

देऊळगाव राजा तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पठारावर वसलेला आहे. सातपुड्याची अरण्ये जिल्ह्याच्या उत्तर टोकास राहिली. येथे मोठी झाडे पाहावयाची तर ती बांधावर, विहिरीजवळ, देवळाच्या आवारात आणि वाडवडिलांनी लावलेल्या आमरायांत. अशा जुन्या आंब्यावर बांडगूळ माजते, फांद्या वाळू लागतात व बहर कमी होतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आंबे उतरल्यावर कोयता घेऊन झाड साफ करावे, हेही योग्यच आहे. मात्र या सफाईत फांदीवर जे जे परके दिसेल ते ते एकाच नावाखाली तोडले जाते. त्यात कित्येकदा अशी एक वनस्पती नाहीशी होते की, जिने त्या आंब्याच्या रसाचा एक थेंबही कधी घेतलेला नसतो. एकदा गेल्यावर त्या आमराईत ती पुन्हा दिसण्यास कित्येक वर्षे लागतात. पुष्कळदा ती परत येतच नाही.

ही वनस्पती म्हणजे आमरी, अर्थात ऑर्किड. ऑर्किड म्हटले की शहरातील फुलवाल्याकडील महागडी फुले किंवा आसाम-सिक्कीमकडील ओली जंगले डोळ्यांपुढे येतात, आणि आपल्या कोरड्या मुलखाशी त्यांचा काही संबंध नाही अशी समजूत होते. ही समजूत बरोबर नाही. व्हँडा टेसेलाटा या शास्त्रीय नावाची आणि बांदा किंवा रास्ना या नावांनी ओळखली जाणारी आमरी दख्खनच्या व मध्य भारताच्या कोरड्या प्रदेशात आंबा, मोह, जांभूळ, बाभूळ अशा झाडांवर वाढते. भारताबाहेर ती श्रीलंका, बांगलादेश व म्यानमार या देशांतही आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी तिला फुले येतात. म्हणजे ज्या दिवसांत आंबा साफ करावयाचा, त्याच दिवसांत ही वनस्पती फुललेली असण्याचा संभव अधिक. कोयता चालविण्यापूर्वी घटकाभर नीट पाहिले तर ओळख पटणे मुळीच अवघड नाही.

ओळखावी कशी

खालून पाहता दोन्ही वनस्पती फांदीवरील हिरव्या झुपक्यासारख्याच दिसतात. जवळ गेल्यावर भेद कळतो. बांडगूळ हे खरे झुडूप आहे. त्याचे खोड लाकडासारखे कठीण असून त्यास अनेक फांद्या फुटलेल्या असतात. पाने रुंद, जाड व चिवट असतात. फुले नळीसारखी, नारिंगी-तांबडी. जेथे ते आंब्याच्या फांदीस जडलेले असते तेथे फांदी सुजून गाठ आलेली दिसते. या गाठीतून त्याची शोषक मुळे आंब्याच्या लाकडात शिरतात व झाडाने जमिनीतून वर आणलेले पाणी आणि क्षार परस्पर ओढून घेतात. पाने हिरवी असल्यामुळे उरलेले अन्न ते स्वत: तयार करते, म्हणून शास्त्रज्ञ त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. आंब्यास मात्र या ‘अर्ध’ शब्दाचा फारसा दिलासा मिळत नाही.

आमरीचे खोड फांद्यांचा पसारा न करता सरळ वर वाढत जाते. पाने पट्ट्यासारखी, मधोमध घडी पडल्याप्रमाणे दुमडलेली, सुमारे पंधरा ते वीस सेंटिमीटर लांब आणि खोडाच्या दोन बाजूंस दोन ओळींत बसविल्यासारखी असतात. पानाचे टोक निमुळते नसते. किड्याने कुरतडल्यासारखे ओबडधोबड असते. फुलांचा दांडा पानांच्या बगलेतून निघतो व त्यावर साधारणत: पाच ते दहा-बारा फुले येतात. फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद असते. पाकळ्या आतून पिवळसर हिरव्या किंवा तपकिरी असून त्यांवर जाळीदार रेघा असतात, बाहेरून त्या पांढऱ्या असतात, आणि मधली ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी असते. फुलास सुवास असतो.

फुले नसतील तेव्हा मुळे पाहावीत. आमरीच्या खोडातून पांढरट, गुबगुबीत मुळे निघून सालीवर पसरतात व काही हवेत लोंबतात. ती सालीस घट्ट चिकटतात, परंतु सालीच्या आत शिरत नाहीत. बांडगुळाचेही दोर फांदीवरून धावताना दिसतात, त्यामुळे येथे फसगत होऊ शकते. पण ते दोर लाकडी व तपकिरी असतात आणि जागोजागी फांदीत घुसलेले असतात. खात्री करून घेण्यास एक सोपा उपाय आहे. संशय असलेल्या मुळावर थोडे पाणी शिंपडावे. आमरीचे पांढरे मूळ ओले होताच हिरवे दिसू लागते. बांडगुळाच्या दोरात असा पालट होत नाही.

वाळलेल्या फांदीवर आमरी जिवंत दिसली म्हणून तिनेच फांदी वाळविली, असा निष्कर्ष काढण्याची चूक सर्वत्र होते. वस्तुस्थिती उलट आहे. फांदी मेल्यावर तिच्यावरील बांडगूळही मरते, कारण त्याचा पाणीपुरवठा तुटतो. आमरी मात्र मेलेल्या फांदीवरही काही काळ टिकते, कारण तिला त्या फांदीकडून बसावयास जागा एवढेच हवे असते. म्हणजे वाळक्या फांदीवरील हिरवी आमरी ही तिच्या निर्दोषपणाचीच साक्ष होय.

नावाच्या सारखेपणामुळे अमरवेलीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अमरवेल ही पिवळ्या दोऱ्यांसारखी, पाने नसलेली वेल असून ती पूर्णत: परोपजीवी आहे. तिचा आणि आमरीचा काहीएक संबंध नाही.

बांडगूळ काढताना ते नुसते ओरबाडून उपयोग होत नाही. गाठीत राहिलेल्या अवशेषातून ते पुन्हा फुटते. लहान फांदी असल्यास गाठीपासून बुंध्याच्या बाजूस सुमारे एक फूट अंतर ठेवून ती फांदीच कापावी. जाड फांदीवर गाठ तासून काढावी आणि पुढील वर्षी तेथे फिरून पाहावे. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना निरनिराळ्या मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत, एकूण १० लिटर पाण्यात कालवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये व मलम ताजेच लावावे. जवळ आमरी असेल तर हे मलम तिच्या मुळांवर ओघळू देऊ नये. तिची मुळे जे मिळेल ते शोषून घेतात, आणि तांब्याची औषधे कित्येक ऑर्किडांना सोसत नाहीत.

हे सर्व बांडगुळाची फळे पिकण्याच्या आत व्हावे. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी ही फळे खातो व चिकट बी दुसऱ्या फांदीवर सोडतो. एका शेतकऱ्याने आपला आंबा साफ केला आणि शेजारच्या बांधावरील आंबा तसाच राहिला, तर दोन-तीन वर्षांत सारे श्रम वाया जातात. गावाने एकाच हंगामात हे काम करणे म्हणूनच बरे.

नावातील गोंधळ

आमरी आणि बांडगूळ यांची गल्लत आजची नाही. अमरकोशात ‘वन्दा’ हा शब्द आला असून त्याच्या पर्यायांत ‘वृक्षरुहा’ व ‘वृक्षादनी’ ही दोन नावे शेजारीशेजारी दिलेली आहेत. पहिल्याचा अर्थ वृक्षावर वाढणारी, दुसऱ्याचा अर्थ वृक्षास खाणारी. झाडावर राहणारे ते सर्व झाडास खाणारे, हा समज इतका जुना आहे. मराठीतील बांदा हे नाव याच ‘वन्दा’शी जुळणारे आहे.

पुढे हाच शब्द जगाच्या वनस्पतिशास्त्रात गेला. कलकत्त्याचे न्यायाधीश व संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स यांनी भारतीय वनस्पतींवर लिहिलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी या आमरीस ‘वन्दा’ असे संबोधिले होते. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या सचित्र ग्रंथात तिला एपिडेंड्रम टेसेलाटम हे नाव दिले. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचे. टेसेलाटम म्हणजे लहान चौकटींच्या फरसबंदीसारखे. पाकळीवरील जाळीदार रेघा पाहिल्या म्हणजे हे विशेषण किती समर्पक आहे ते कळते. त्या काळी झाडावर वाढणारी बहुतेक ऑर्किडे एपिडेंड्रम या एकाच प्रजातीत घातली जात. १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी जोन्सांचा शब्द घेऊन व्हँडा ही स्वतंत्र प्रजाती मानली व या वनस्पतीस रॉक्सबर्ग यांच्या नावावरून व्हँडा रॉक्सबर्घाय म्हटले. परंतु एकाच वनस्पतीस दोन नावे मिळाली असता जातिवाचक शब्द आधीचा धरावयाचा, हा वनस्पतिशास्त्राचा नियम आहे. त्याप्रमाणे आज व्हँडा टेसेलाटा हेच नाव मान्य आहे. जुन्या वनौषधी ग्रंथांत व्हँडा रॉक्सबर्घाय असे आढळल्यास ती हीच वनस्पती समजावी.

बांडगूळ लोरँथेसी कुलातले, आमरी ऑर्किडेसी कुलातली. पहिले द्विदल, दुसरी एकदल. म्हणजे वर्गीकरणाच्या दृष्टीने आमरी ही बांडगुळापेक्षा कांदा व लसूण यांस अधिक जवळची आहे. ऑर्किडेसी हे सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठ्या दोन कुलांपैकी एक असून त्यात पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. व्हॅनिला ही त्याच कुलातील.

मुळे आणि बीज

जमिनीशी संबंध नसताना, वर्षातील कित्येक महिने पावसाचा थेंब पडत नसताना ही वनस्पती जगते कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. तिच्या मुळांभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस किंवा दव पडताच ते पाणी टिपून घेते व नंतर सावकाश आत पोचविते. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यात धूळ, कुजलेली पाने व पाखरांची विष्ठा यांचे जे अंश विरघळतात तेच तिचे खत. पानांची छिद्रे ती दिवसा बहुतांशी मिटून घेते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू रात्री आत घेऊन साठविते. त्यामुळे दुपारच्या उन्हात पाणी उडून जात नाही. निवडुंग व घायपात यांचीही हीच रीत आहे. या काटकसरीमुळे वाढ मात्र फार मंद होते. वर्षाकाठी थोडी नवी पाने आली तरी ती चांगली वाढ समजावी. हातभर उंचीची आमरी ही बरीच वर्षे जगलेली असते.

बियांची गोष्ट अधिकच नाजूक आहे. फुलातील परागकण सुटे नसतात, त्यांचे दोन लहान पिवळे गोळे असतात व ते एखाद्या कीटकाच्या अंगास चिकटूनच दुसऱ्या फुलावर जातात. म्हणून पुष्कळ फुले आली तरी फळे थोडीच धरतात. एका फळात धुळीसारख्या बारीक बिया प्रचंड संख्येने असतात. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी अन्नाची शिदोरी असते. आमरीच्या बीजात ती नसते. विशिष्ट बुरशीचा तंतू बीजात शिरून त्यास अन्न पुरवील तरच ते उगवते. ही गोष्ट फ्रान्समधील नोएल बर्नार यांनी १८९९ साली उघडकीस आणली. १९२२ साली अमेरिकेतील लुइस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर बुरशीवाचून बिया उगवून दाखविल्या, आणि आजचा साऱ्या जगाचा ऑर्किड-व्यवसाय त्या कृतीवर उभा राहिला. झाडावर मात्र अशी काचेची बाटली नसते. वाऱ्याबरोबर उडालेल्या असंख्य बियांपैकी एखादीच योग्य सालीवर, योग्य बुरशीच्या सान्निध्यात पडते. आमराईतील शेवटची आमरी तोडली म्हणजे तो एकुलता एक बीजस्रोतही संपतो.

लावणे व जोपासणे

झाडावर आहे तेथेच तिला राहू देणे, हीच तिची उत्तम जोपासना. परंतु वादळात फांदी मोडली, आंबा वठला किंवा रस्त्याच्या कामात झाड गेले, तर तिला वाचविता येते. मुळे ओढून सोडवू नयेत. ती सालीस इतकी चिकटलेली असतात की तुटतातच. शक्यतो फांदीचा तो तुकडाच करवतीने कापून घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडाशी, मृग नक्षत्राच्या सुमारास, मुळांना नवी हिरवी टोके फुटू लागतात. तो काळ उत्तम. खरखरीत सालीच्या जिवंत झाडावर, बेचक्यात किंवा फांदीच्या पूर्व अथवा उत्तर बाजूस, सकाळचे ऊन मिळेल व दुपारचे टळेल अशा जागी हा तुकडा काथ्याच्या दोरीने घट्ट बांधावा. तो हलता राहिल्यास नवी मुळे चिकटत नाहीत. मुळांवर माती, शेण किंवा ओले फडके मुळीच थापू नये. झाडावरच्या वनस्पतीस कुंडीत मातीत पुरणे हा तिला मारण्याचा हमखास मार्ग होय, आणि दयेपोटी पुष्कळ लोक नेमके हेच करतात.

जवळ योग्य झाड नसेल तर लाकडी पट्ट्यांची टोपली करून तीत कोळशाचे व विटांचे मोठे तुकडे घालावेत व ती सावलीत टांगावी. उन्हाळ्यात रोज सकाळी आणि अतिशय तापलेल्या दिवसांत सायंकाळीही पाणी शिंपावे. पानांच्या मध्यातील पोंग्यात पाणी साचून राहू देऊ नये, तेथूनच कूज सुरू होते. हिवाळ्यात पाणी कमी करावे. कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल तर मुळांवर पांढरा थर चढतो व टोके काळी पडतात. अशा वेळी साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. खत द्यावयाचे असल्यास १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या काळात आठ-पंधरा दिवसांनी पुरे. अधिक दिल्याने वाढ अधिक होत नाही, मुळे जळतात. खवले किडी पानांच्या खालच्या बाजूस दिसतात. थोड्या असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढाव्यात.

देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागांत शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो इत्यादींचे संकरित बीजोत्पादन होते. तेथे फुलातील पुंकेसर काढून हाताने परागीकरण करण्याचे बारीक काम स्त्रिया सफाईने करतात. आमरीचे परागीकरणही त्याच हातांना सहज साधेल. आगपेटीच्या काडीचे निमुळते टोक फुलाच्या मध्यातील टोपीखाली अलगद लावले म्हणजे परागगोळे त्यास चिकटून येतात. ते दुसऱ्या रोपावरील फुलाच्या चिकट खोबणीत ठेवावेत. फळ धरल्यास ते पिकावयास अनेक महिने लागतात. पिकल्यावर ते आपोआप तडकू द्यावे, म्हणजे बिया आमराईतच उडतील.

शेडनेट हाताशी आहे, तर ऑर्किडची शेती का करू नये, असा विचार एखाद्या उत्साही शेतकऱ्याच्या मनात येईल. त्याला स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. बाजारात विकली जाणारी व्हँडा व डेंड्रोबियम ही संकरित झाडे आहेत. त्यांना बाराही महिने दमट हवा लागते, आणि या तालुक्यातील एप्रिल-मे महिन्यांची कोरडी हवा त्यांना मानवत नाही. तुषारांनी दमटपणा राखावयाचा तर ज्या दिवसांत पाणी सर्वांत मोलाचे, त्याच दिवसांत ते सर्वांत अधिक लागते. येथील आमरी उष्णता सोसते, म्हणून तिचा संकरासाठी उपयोग झालेला आहे. पण तिची स्वत:ची फुले लहान व थोडी असल्याने कापणीच्या फुलांत तिला भाव नाही. या विषयात शास्त्रीय माहिती हवी असल्यास सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र कार्य करीत आहे.

आमरीला भाव येतो तो वेगळ्याच कारणाने. रास्ना म्हणून तिची मुळे संधिवातावरील औषधांसाठी गोळा केली जातात. येथेही नावाचाच घोटाळा आहे. बंगालकडे रास्ना म्हणून हीच आमरी घेतात, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचे कंद घेतात, आणि भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशात रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा ही झेंडूच्या कुलातील अगदी निराळी वनस्पती दिली आहे. गावात कोणी मुळे मागावयास आला तर तो नेमकी कोणती रास्ना मागतो आहे, हे आधी विचारावे. मुळे काढली की आमरी मरते, आणि मिळणारे पैसे एका दिवसाच्या मजुरीचेही नसतात. राखीव वनातून ती परवानगीवाचून काढता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारापुरते पाहिल्यास संपूर्ण ऑर्किड कुलच ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे. भारत १९७६ पासून या करारात सामील आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आंबे उतरण्याच्या सुमारास गावातील कार्यकर्त्याने मालकांस सोबत घेऊन जुन्या झाडांची एक फेरी करावी. आमरी आढळल्यास झाडाची जात, बांध किंवा गट क्रमांक, आमरीच्या रोपांची संख्या, फुले-फळे आहेत की नाहीत व पाहणीची तारीख नोंदवहीत लिहावी, आणि झाड साफ करणाऱ्यास कळावे म्हणून त्या फांदीस चुन्याचा एक पट्टा ओढून ठेवावा. पट्टा मुळांपासून हातभर दूर असावा.